फळ्यावरची हयात माणसं

चप्पल परत न्यायला माणूस तीन जिने चढून आला, त्या दिवसापासून आमचा शेजारी जास्तच बिघडला. थोडासा आधीपासून होताच.

झालं असं की त्याच्या मुलीनं त्याला मोबाइलवरून चपला मागवून दिल्या. आल्या त्या एक नंबर लहान. आमच्या लालबागात चप्पल लहान निघाली तर माणूस टाच बाहेर काढून वर्षभर रेटतो, नाहीतर भाच्याला देतो. पण मुलीनं कंपनीला फोन लावला आणि बापाच्या हातात दिला, म्हणाली तुम्हीच बोला. पलीकडे कुणी पोरगी होती. ती म्हणाली, सॉरी सर, तुम्हाला त्रास झाला, उद्या आमचा माणूस येऊन घेऊन जाईल. आणि दुसऱ्या दिवशी खरोखर एक पोरगा आला, चपला पिशवीत घातल्या आणि थँक्यू सर म्हणून गेला. हा गॅलरीत उभा राहून तो गल्लीच्या टोकाला दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला. मग माझ्या दारात आला.

"आपल्या दारात कधी कोणी चप्पल परत घ्यायला आलं होतं?"

"त्याला पगार मिळतो त्याचा," मी म्हटलं.

"पगार गिरणीतल्या सायबाला पण मिळायचा. तो म्हणाला होता कधी सॉरी?"

मी पेपर तोंडासमोर धरला.

त्यानंतर त्याला हे कस्टमर केअरचं वेडच लागलं. लोक तिथं भांडायला फोन करतात, हा शाबासकी द्यायला करायचा. गॅसचा नंबर नीट लागला, की फोन. विजेचं बिल वेळेवर आलं, की फोन. फोन स्पीकरवर टाकून गॅलरीत बसायचा, म्हणजे सगळ्यांना ऐकू यावं. ती गाण्याची ट्यून किती वेळ वाजली तरी तो हसऱ्या तोंडानं बसून राही. शेवटी पोरगी आली की म्हणे, "तक्रार नाही. काम चांगलं झालं, तेवढं सांगायला केला." एकदा एक पोरगी म्हणाली, "सर, तुम्ही कुठून बोलताय?" हा म्हणाला, "लालबागहून." जसं काही लालबागात अशीच माणसं राहतात.

आम्ही दोघं एकाच गिरणीत. मी साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, तो घडी खात्यात कापड तपासायला. कापड टेबलावर पसरून नजर फिरवायची आणि जिथं धागा चुकलाय तिथं खडूनं फुली मारायची, हे त्याचं काम. माझ्या कापडावर त्यानं फुल्या मारल्यात. मी चार साचे चालवायचो, माझ्या साच्यांवर नवशिक्यांना बघायला उभं करीत, तरी हा फुली मारायचा. दोन दारांचं अंतर होतं आमच्यात, पण फुली मारताना त्यानं शेजार कधी पाहिला नाही. मी काय कमी, मी आठवडा आठवडा बोलायचो नाही त्याच्याशी. गिरणी बंद झाली तेव्हा सगळे रडत होते. हा म्हणाला, "आयुष्य खोट काढण्यात गेलं. आता काय चांगलं आहे ते बघतो." मला वाटलं, रिकाम्या पोटी सुचतं असं काहीतरी. पण त्यानं ते खरं केलं.

मसाल्याच्या दुकानातला गडी पुडीचा दोरा दातानं न तोडता बोटाभोवती पीळ देऊन तोडतो, ते बघायला हा फुटपाथवर उभा राहायचा. कंडक्टर तिकीट फाडून देताना छापलेली बाजू वर करून देतो, ते ह्याला दिसायचं. खोटं मात्र कधी बोलला नाही. आमच्या हिच्या आमटीत एकदा मीठ जास्त झालं, हा गप्प जेवला. ही म्हणाली, "भाऊजी, कशी झालीय?" हा म्हणाला, "वहिनी, भात चांगला झालाय."

पेपरात शेवटच्या पानावर तीन चौकटींची चित्रं यायची, त्यांचा त्याला भारी नाद. मुलगी लहान असताना तिला मांडीवर घेऊन वाचून दाखवायचा. पहिली चौकट वाचायची, पुढच्या दोन हातानं झाकायच्या. मग दुसरी उघडायची. तिसरीवरचा हात लवकर उचलायचा नाही. पोर त्याची बोटं ओढून ओढून लाल करायची. ती मोठी झाली, तिला वेळ मिळेना, मग तो पेपर घेऊन माझ्याकडे यायला लागला. माझ्यासमोर पण तसाच हात झाकून. मी पेपर घेतो तो कोण गेलं ते बघायला. त्या चित्रांत कधी कुत्रा बोलतो, कधी नवरा लाटण्याला घाबरतो. मला हसू यायचं, पण मी हसायचो नाही.

"मेल्या, हसाक तुझा काय जाता?" तो म्हणायचा.

एकदा ती चित्रं बंद झाली. त्या जागी कसलीशी जाहिरात आली. हा इस्त्रीचा शर्ट घालून पेपरच्या ऑफिसात गेला. तिथल्या बाबूला वाटलं म्हातारा भांडायला आलाय. हा म्हणाला, "भांडण नाही. चित्र काढणारा बरा आहे ना, तेवढं विचारायला आलो." बाबू म्हणाला, "आजोबा, ते आमच्याकडे नाही काढत, बाहेरून येतं." हा म्हणाला, "बाहेरून म्हणजे? ठाण्याहून?" घरी येऊन मला म्हणाला, "त्यांना पण ठाऊक नाही रे तो कोण आहे. रोज माणसाला हसवतो, आणि त्याचं नाव कोणाला ठाऊक नाही." दोन दिवस तो नीट जेवला नाही. तेव्हापासून त्यानं फळा धरला.

आमच्या चाळीच्या दरवाजात एक काळा फळा आहे. गिरणगावात बहुतेक चाळींना असतो. त्यावर दोनच गोष्टी लिहितात, पाणी कधी येणार नाही आणि माणूस कोण गेलं. बाहेरून येणारा पहिल्यांदा फळ्याकडे बघतो आणि मग जिना चढतो. फळ्यावर नाव म्हणजे माणूस गेला, हे लहान पोराला पण ठाऊक.

ह्यानं एका सकाळी त्या फळ्यावर आमच्या वायरमनचं नाव लिहिलं. मोठ्या, गोल अक्षरात. खाली लिहिलं, कामाला चोख, स्वभावाने मनमिळाऊ, चाळ त्यांची ऋणी आहे. आणि वर येऊन चहा पीत बसला.

थोड्या वेळानं भजनी मंडळातला पेटीवाला धापा टाकत वर आला. मला विचारतो, "कधी नेणार?" मी म्हटलं कोणाला? तोवर खाली माणसं जमली होती. वायरमनचा साडू चिंचपोकळीला राहतो, त्याला कोणी फोन केला, तो हार घेऊन टॅक्सीतून उतरला. साडूबरोबर आलेल्या त्याच्या बायकोनं फळा वाचला आणि तिथंच बसून रडायला लागली. तेवढ्यात वायरमन स्वतः खांद्यावर शिडी घेऊन गल्लीत शिरला. गर्दी बघून त्यानं शिडी खाली ठेवली.

"कोण गेलं?"

सगळे फळ्याकडे बघायला लागले. शेवटी साडू म्हणाला, "तू."

वायरमननं फळा वाचला. परत वाचला. मग म्हणाला, "वाईट काय लिहिलंय? राहू दे की दोन दिवस."

संध्याकाळी कमिटीची सभा बसली. सेक्रेटरी म्हणाला, "फळा मयताचा आणि पाण्याचा. कौतुकाचा नाही." हा उठून म्हणाला, "माणूस मेल्यावर मनमिळाऊ लिहिता, ते त्याला वाचता येतं का?" मग बरीच आरडाओरड झाली. वायरमन ह्याच्या बाजूनं, आणि त्याच्याशिवाय चाळीचा पंप चालत नाही. शेवटी ठरलं, लिहायचं असेल तर लिही, पण नावाखाली ठळक अक्षरात 'हयात' असं लिहायचं. आणि कोणी गेलं तर तुझं पुसायचं, मयताचा मान पहिला. हे त्यानं कबूल केलं.

मग रोज कोणी ना कोणी हयात. कचरा नेणारी बाई, हयात. केईएमला केस पेपर काढून देणारा वॉर्डबॉय, हयात. चप्पल परत घेणाऱ्या फोनवरच्या पोरीचं नाव त्यानं विचारून ठेवलं होतं, तिचंही आलं. ती कुठल्या गावात बसते ते त्यालाही माहीत नव्हतं. लोक आधी हसले, मग कामाला जाताना वाचायला थांबायला लागले. कचरेवाल्या बाईनं आपल्या सुनेला आणून दाखवलं होतं. माझं नाव कधी आलं नाही. मी विचारलंही नाही. विचारून घेतलेल्या मानाला काय किंमत.

आणि त्याच्या मुलीचं आलं नाही.

मुलगी शेजाऱ्याची म्हणून सांगत नाही, गुणी होती. आई लहानपणी गेली. शाळेतून आली की दप्तर आमच्याकडे टाकायची, आमच्या हिच्या हातचं खायची. शिकली, आणि नोकरी लागली ती कुठं? त्याच चपलांच्या, म्हणजे मोबाइलवरून सामान विकणाऱ्या कंपनीत, फोन उचलायला. ऐरोलीला जायची. सकाळी अंधारात निघायची, कधी रात्रपाळी. घरी आली की घसा बसलेला. बाप कुठल्या कुठल्या पोरींना फोन करून शाबास म्हणतोय आणि आपली पोर समोर मिठाच्या पाण्यानं गुळण्या करतेय, तिला एक शब्द नाही. ती हसत म्हणायची, "बाबा, माझं पण लिहा ना. खाली हयात टाका."

हा म्हणायचा, "घरच्या माणसाचं कौतुक करत नाहीत. दृष्ट लागते."

"मग मी गेल्यावरच लिहिणार का?"

त्यावर तो उठून आत गेला होता.

लोकांना वाटायचं, विक्षिप्त आहे. मला कारण ठाऊक होतं. एका गणपतीत, पोर दुसरीत असेल, सगळी चाळ आरतीला जमलेली असताना हा मोठ्यानं म्हणाला होता, "आमच्या हिच्यासारखे मोदक उभ्या लालबागात कोणाला जमायचे नाहीत." बायको लाजून आत पळाली. पुढच्या गणपतीला ती नव्हती. डॉक्टर म्हणाले किडनी. असेल किडनी. पण माणसाच्या मनात एकदा गाठ बसली की डॉक्टरच्या कागदानं सुटत नाही. त्यानं हे मला कधी सांगितलं नाही, पण त्यानंतर घरातलं काही चांगलं म्हणताना मी त्याला ऐकला नाही. त्याला चूक म्हणायला मी तयार नाही. माझ्या आईनं मला जन्मात चांगलं म्हटलं नाही, कपाळाला काजळ मात्र रोज लावलं. आमच्यात असंच असतं.

मग मुलीला बढती मिळाली. आता फोन उचलायचे नाहीत, नव्या पोरींना शिकवायचं, आणि जायचं हैदराबादला. ती पेढे घेऊन आली. पहिला बापाच्या हातावर ठेवला. मी तिथंच होतो. तिनं सगळं सांगितलं, कोणाकोणाला मागं टाकून तिची निवड झाली ते, मोठ्या साहेबानं स्वतः हात कसा मिळवला ते. हा पेढा तोंडात घोळवत ऐकत होता. त्याचे डोळे भरले होते, ते मी पाहिले. ती वाट बघत उभी. तो म्हणाला, "पेढा छान आहे. खवा ताजा आहे. कुठल्या दुकानातला?"

तिनं दुकान सांगितलं.

सकाळी ती कामाला निघाली तेव्हा फळ्यावर मिठाईवाल्याचं नाव. खवा ताजा, हात स्वच्छ. हयात. ती वाचून परत तीन जिने चढून वर आली, पण बापाकडे नाही गेली, माझ्याकडे आली.

"काका, मिठाईवाल्याचं नाव लिहिलंय."

मी म्हटलं, "तुझा बाप तसाच आहे."

तिला मोदकांचं सांगावं असं मनात आलं होतं. पण ते त्यानं सांगायचं होतं, मी नाही. दुसऱ्याच्या घरातली गाठ शेजाऱ्यानं सोडवू नये. ती गेली हैदराबादला. फोन करायची, जेवलात का, गोळ्या घेतल्या का. हा उत्तर द्यायचा, घेतल्या. दोघांचा फोन दोन मिनिटांत संपायचा. कस्टमर केअरच्या पोरींशी हा जास्त बोलायचा.

एका दुपारी मी गॅलरीत लसूण सोलत होतो. तो खुर्ची घेऊन शेजारी बसला आणि फोन लावला. मराठीसाठी तीन दाबलं. गाणं वाजायला लागलं. मी विचारलं, "आज कोणाची शाबासकी?" त्यानं कॉलर सारखी केली. अंगात धुतलेला शर्ट होता. फोनवर कोण बघणार होतं, पण घातला होता.

पोरगी आली. नमस्कार सर, मी आपली काय मदत करू शकते?

"मदत नको," हा म्हणाला. "तुमच्याकडे एक मुलगी आहे. हैदराबादला असते. तिचं काम फार चांगलं आहे."

मी सुरी खाली ठेवली.

"सर, ऑर्डर नंबर सांगाल का?"

"ऑर्डर नाही."

"काही तक्रार नोंदवायची आहे का?"

"तक्रार नाही गं. तिचं कौतुक नोंदवायचं आहे. पोर लहानपणापासून कष्टाळू. तिला आई नव्हती. घसा बसला तरी सुट्टी घेतली नाही कधी. नव्या मुलींना ती मनापासून शिकवत असेल, मला बघायला नको, मला ठाऊक आहे."

"ओके सर. कोणती एक्झिक्युटिव्ह? नाव सांगाल का?"

त्यानं फोनवर हात ठेवला. पेपरातल्या चौकटीवर ठेवायचा तसा, पूर्ण पंजा. माझ्याकडे बघितलं. कपाळावर घाम होता.

"सांग की," मी म्हटलं. "नाव सांगितल्याशिवाय तिला कळणार कसं?"

त्यानं मान हलवली. हात काढला आणि फोनला म्हणाला, "नाव नाही सांगता येत. तू नुसतं लिही, एक मुलगी."

"सर, नावाशिवाय सिस्टीममध्ये जात नाही."

"बघ काय होतं का."

मी चिडलो होतो. लसणाची सालं झाडून आत गेलो, पण दार उघडं होतं. नंतर आम्ही त्या फोनचं कधी बोललो नाही. फळ्यावर दुसऱ्या दिवशी त्यानं त्या फोनवरच्या पोरीचं नाव लिहिलं, शांतपणे ऐकून घेते म्हणून.

तो गेला तो झोपेत, त्रास काही नाही. सेक्रेटरीनं फळ्यावर लिहिलं तेव्हा मी खाली गेलो नाही. आमच्याकडे ओळखीचे अनोळखी किती लोक येऊन गेले ते सांगत बसत नाही. वायरमन रडला. मुलगी विमानानं आली, सगळं केलं, आणि तेराव्यानंतर खोली आवरायला राहिली.

जायच्या आदल्या दिवशी ती माझ्या दारात येऊन बसली. आमची ही माहेरी गेली होती, घरात मी एकटा. ती जरा वेळ इकडचं तिकडचं बोलली. खोलीचं काय करायचं, भाड्यानं द्यायची का. मग म्हणाली,

"काका, खरं सांगा. बाबा माझ्याबद्दल कधी काही बोलायचे?"

हो म्हणणं सोपं होतं. पण मी पण त्याच गिरणीतला. नसलेला धागा मी दाखवत नाही.

"तोंडानं मला कधी बोलला नाही," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. तिला तेच ठाऊक होतं. मग मात्र मी तिला आधी मोदकांचं सांगितलं, आणि मग त्या फोनचं. धुतलेल्या शर्टापासून सगळं. ती एका जागी बसून ऐकत होती. कानाला फोन लावून बसल्यासारखी.

माझं संपल्यावर म्हणाली, "ऑर्डर नंबर नाही, तक्रार नाही, नाव नाही, असा फोन आला तर गोड बोलून बंद करायचा. लाइन अडकवायची नाही. मीच शिकवते नव्या पोरींना."

मी तिला पाणी आणून दिलं.

पाणी पिऊन तिनं विचारलं, "त्या पोरीनं नीट बंद केला का फोन? तोडला नाही ना?"

"नाही. नीट बोलली. शेवटी विचारलं, सर, मी आपली आणखी काही मदत करू शकते का."

"मग बाबा काय म्हणाले?"

"म्हणाला, नको पोरी. तेवढंच सांगायचं होतं."